राणीची कंकणे आणि राज्याचे कर्ज

जिनिव्हा येथील ख्रिस्तीज या लिलावगृहात ९ नोव्हेंबर २०२१ रोजी हिऱ्यांच्या कंकणांची एक जोडी विक्रीस आली. प्रत्येक कंकणात हिऱ्यांचे तीन पदर, दोहोंत मिळून ११२ हिरे, आणि त्यांचे एकत्रित वजन १४० ते १५० कॅरटच्या दरम्यान. लिलावगृहाचा अंदाज २० ते ४० लाख स्विस फ्रँकचा होता. प्रत्यक्षात शुल्कासह सुमारे ७४ लाख ६० हजार फ्रँक मोजले गेले. हिरे जुन्या घडणीचे आहेत आणि आजच्या पैलूंची झगमग त्यांच्यात नाही. अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट किंमत आली ती त्यांना चिकटलेल्या नावामुळे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने ही कंकणे १७७६ साली बोमेर नावाच्या पॅरिसच्या जवाहिऱ्याकडून अडीच लाख लिव्रला घेतली होती. काही रक्कम तिने स्वतःजवळची रत्ने देऊन भागवली, उरलेल्या रकमेसाठी राजापुढे हात पसरला.

अडीच लाख लिव्र म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून ध्यानात येत नाही. त्या काळी पॅरिसमधील साध्या मजुराची दिवसाची कमाई एक लिव्र किंवा त्याच्या थोडी खालीवर असे. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, आणि पोटाला काहीही न खाता सारी मजुरी साठवली, तरी ही कंकणे घेण्यास त्याला आठशेहून अधिक वर्षे लागली असती. राणीविषयी फ्रेंच जनतेच्या मनात जो संताप पुढे साचत गेला, त्याचे मूळ या भागाकारात आहे. परंतु अर्थशास्त्राला दुसराही एक भागाकार करावा लागतो, आणि त्याचे उत्तर अगदी वेगळे येते. ते पाहण्याआधी या स्त्रीचे आयुष्य पाहणे इष्ट.

ती २ नोव्हेंबर १७५५ रोजी व्हिएन्ना येथे जन्मली. लिस्बन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या सोळा अपत्यांपैकी ती पंधरावी. हाप्सबुर्ग घराण्यात मुली हे परराष्ट्रधोरणाचे भांडवल समजले जाई आणि हे भांडवल कोठे गुंतवावयाचे याचा निर्णय आईच्या हाती होता. शतकानुशतके एकमेकांशी झुंजलेल्या ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या दोन सत्तांनी १७५६ साली मैत्रीचा तह केला होता. त्या तहावर शिक्कामोर्तब म्हणून १६ मे १७७० रोजी चौदा वर्षांची ही मुलगी व्हर्सायच्या राजप्रासादात फ्रान्सच्या पंधरा वर्षांच्या युवराजाला देण्यात आली. शिक्षण बेताचेच, संगीत आणि नृत्य चांगले येत होते, वाचनाचा मात्र कंटाळा. विवाहाप्रीत्यर्थ ३० मे रोजी पॅरिसमध्ये पंधराव्या लुईच्या नावाच्या चौकात दारूकाम झाले. त्या वेळी गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सव्वाशेहून अधिक माणसे मेली. हा चौक तिच्या चरित्रात पुढेही येणार आहे.

मे १७७४ मध्ये म्हातारा राजा देवीच्या आजाराने वारला आणि ती अठराव्या वर्षी राणी झाली. पती सोळावा लुई हा सज्जन, बुजरा, शिकारीचा आणि कुलुपे घडविण्याचा नाद असलेला. लग्नानंतर सात वर्षे त्यांना संसार म्हणावा असा संसार नव्हता. दरबारात ज्या राणीला मूल नाही तिला पाय रोवायला जागा नसते, आणि ही राणी तर परकी, जुन्या वैऱ्याच्या घरची. ती रिकामी जागा पोशाख, नाच, नाटके आणि पत्त्यांचा जुगार यांनी भरू लागली. केसांचे मनोरे उंच होत गेले. रोझ बेर्तँ ही शिवणकाम करणारी स्त्री आठवड्यातून दोनदा राणीच्या खाजगी दालनात येऊ लागली. मानी सरदारघराण्यांना हे सहन झाले नाही. कंकणे आली ती याच काळात. बातमी व्हिएन्नाला पोहोचायला वेळ लागला नाही. आईने कन्येला कडक शब्दांत समज दिली, आणि असल्या क्षुल्लक गोष्टींनी आईने मनाला त्रास करून घ्यावा याचे मुलीला नवल वाटले. तिने तसे उत्तरही पाठवले. या उत्तरात तिचे अज्ञान आहे, पण दुष्टपणा नाही. वीस वर्षांच्या त्या मुलीने हातात नाणे घेऊन बाजारात कधी काही विकत घेतले नव्हते.

त्याच १७७६ साली मे महिन्यात तुर्गो या अर्थमंत्र्याला घरी पाठवण्यात आले. नवे कर नकोत, नवे कर्ज नको, दिवाळखोरी नको; काटकसर करा, आणि धान्याचा व्यापार मोकळा करा, असा या विचारवंताचा कार्यक्रम होता. १७७५ च्या वसंतात भाकरीसाठी दंगली उसळल्या आणि त्याचे शत्रू वाढले. राणीच्या मर्जीतल्या माणसांना त्याने दुखावले होते, म्हणून तीही त्याच्या विरोधात गेली. त्याला घालवण्यात तिचा वाटा होता, आणि अडीच लाखांच्या कंकणांपेक्षा हा वाटा फ्रान्सला कितीतरी महाग पडला. गंमत अशी की जनतेने तिच्यावर जे आरोप ठेवले त्यांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पाठोपाठ अमेरिकन वसाहतींचे इंग्लंडशी युद्ध जुंपले. फ्रान्सने १७७८ मध्ये वसाहतींची बाजू घेतली. इंग्रजांना जेथे जेथे अडविता येईल तेथे तेथे अडवावे, हे व्हर्सायचे सूत्र होते. आपला वाचक जाणतोच की १७७७ साली सोळाव्या लुईचा वकील म्हणवणारा सेंट लुबिन पुण्यात दाखल झाला होता आणि नाना फडणवीसांनी त्याचे स्वागत केले होते. तो प्रकार फारसा पुढे गेला नाही. अमेरिकेतला मात्र गेला, आणि फ्रान्सचे शंभर कोटींहून अधिक लिव्र घेऊन गेला.

हा पैसा आला कोठून? जिनिव्हाचा सावकार नेकर त्या वेळी फ्रान्सचे अर्थकारण पाहात होता. कर न वाढविता युद्ध चालवून दाखविण्याची किमया त्याने केली, आणि ही किमया म्हणजे कर्ज. त्यातील मोठा भाग आजीवन वर्षासनाच्या रूपाने उभारलेला होता. कर्ज देणाराने कोणा एका व्यक्तीचे नाव द्यावे आणि ती व्यक्ती जिवंत असेतो सरकारने दरसाल आठ ते दहा टक्के द्यावेत, अशी ती रीत. अशा वर्षासनाचा दर खरे तर वयानुसार ठरावयास हवा. फ्रान्सच्या खजिन्याला एवढे साधे गणितही सुचले नाही. साठीच्या म्हाताऱ्याला जो दर, तोच पाच वर्षांच्या पोरीला. जिनिव्हाच्या पेढ्यांनी हे ताबडतोब हेरले. त्यांनी देवीचा आजार होऊन गेलेल्या, सुखवस्तू घरांतल्या तीस निरोगी लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या नावांवर लक्षावधी लिव्र गुंतवले. त्या मुली उत्तम वैद्यांच्या देखरेखीखाली वाढल्या आणि त्यांच्या प्रत्येक वाढदिवसागणिक फ्रान्सची तिजोरी हलकी होत गेली. ज्या शहरात राणीची कंकणे विकली गेली त्याच शहरातल्या या मुलींनी राज्याच्या तिजोरीतून जे नेले त्याची पुसट कल्पनादेखील पॅरिसच्या रस्त्यावरील माणसाला नव्हती. व्याज दिसत नाही, कंकणे दिसतात.

१७८१ मध्ये नेकरने राज्याचा जमाखर्च छापून प्रसिद्ध केला. सर्वसामान्य जनतेसमोर असा हिशेब येण्याची फ्रान्समध्ये ही पहिलीच वेळ, आणि पुस्तिका हातोहात खपली. युद्धाचा असाधारण खर्च बाजूला ठेवून त्याने सुमारे एक कोटी लिव्रची शिल्लक दाखवली. दरबाराचा खर्च मात्र उघड मांडला. वाचणाराने स्वाभाविकपणे काढावयाचा तो निष्कर्ष काढला: राज्य सुस्थितीत आहे, पैसा खातो तो दरबार.

दरबार पैसा खात नव्हता असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. राणीची सखी पोलिन्याक हिच्या कुटुंबावर पदे आणि वर्षासने यांची खैरात चालली होती. तिच्या मुलीच्या लग्नात आठ लाख लिव्र हुंडा म्हणून देण्यात आले. १७८५ च्या सुमारास राणीने सँ-क्लूचा प्रासाद साठ लाखांना स्वतःच्या नावावर घेतला, आणि राणीच्या नावावर मालमत्ता ही गोष्टच फ्रेंचांना विपरीत वाटली. पोशाखाची वार्षिक नेमणूक एक लाख वीस हजार. त्या वर्षी खर्च झाला दोन लाख अठ्ठावन्न हजार. बागेत एक खोटे खेडे बांधून तिने तेथे गाई पाळल्या. पण मुले झाल्यावर, तिशीच्या आसपास, ती बदलू लागली होती. जुगार सुटला, दागिन्यांची हौस ओसरली. आणि नेमक्या त्याच वेळी, जो दागिना तिने कधी अंगावर घातला नाही त्याने तिचे नाव बुडवले.

बोमेर आणि त्याचा भागीदार बासांज यांनी ६४७ हिऱ्यांचा एक अवजड हार घडवला होता. वजन सुमारे २,८०० कॅरट, किंमत सोळा लाख लिव्र. हिरे जमवताना दोघे कर्जात बुडाले. हार पंधराव्या लुईच्या प्रेयसीसाठी होता असे म्हणत. तो राजाच निवर्तला. नव्या राणीने तो एकदा नव्हे, अनेकदा नाकारला. त्या किमतीत एक युद्धनौका होईल आणि राज्याला तिची गरज अधिक, असे तिने सांगितल्याची आख्यायिका आहे. मग झान द ला मोत ही स्त्री पुढे आली. व्हाल्वा या जुन्या राजघराण्याच्या अनौरस शाखेतली, दरिद्री आणि विलक्षण धीट. कार्डिनल रोआन हा बडा धर्माधिकारी राणीची मर्जी परत मिळविण्यासाठी तळमळत होता. ऑगस्ट १७८४ मध्ये, रात्रीच्या अंधारात, व्हर्सायच्या बागेत एका पॅरिसच्या तरुणीला राणीचे सोंग देऊन तिने कार्डिनलपुढे उभे केले. पुढे खोटी पत्रे आली, आणि हार गुप्तपणे घेण्यासाठी राणी त्याची मदत मागते आहे असे त्याला भासवण्यात आले. फेब्रुवारी १७८५ मध्ये जवाहिऱ्यांनी हार त्याच्या स्वाधीन केला. तो थेट झानच्या हाती पडला, फोडला गेला, आणि बरेच हिरे तिच्या नवऱ्याने लंडनमध्ये विकले. करारावरील सही पाहूनच कार्डिनलने सावध व्हावयास हवे होते, कारण फ्रान्सच्या राण्या केवळ बाप्तिस्म्याचे नाव लिहीत आणि या सहीत देशाचे नावही जोडलेले होते. मोह झाला की विद्वानांनाही सह्या वाचता येत नाहीत.

पहिला हप्ता थकला आणि सारे उघडकीस आले. १५ ऑगस्ट १७८५ रोजी, सणाच्या दिवशी, धर्मवस्त्रे ल्यालेल्या कार्डिनलला भर प्रासादात अटक झाली. राजाने प्रकरण गुपचूप मिटवावयाचे की खुल्या न्यायालयात न्यावयाचे, हा प्रश्न होता; राणीने खुल्या चौकशीचा आग्रह धरला. निर्दोष माणसाला न्यायालयाचा जो विश्वास वाटतो तो तिला वाटला. ३१ मे १७८६ रोजी पॅरिसच्या न्यायपीठाने कार्डिनलला निर्दोष सोडले. याचा अर्थ असा लावला गेला की राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटते आणि चोरून हार मागवते, असे एखाद्या धर्माधिकाऱ्याला वाटणे मुळीच गैर नव्हते. झानला फटके आणि डाग मिळाले, जन्मठेपही झाली. पण वर्षभरातच ती तुरुंगातून निसटून लंडनला गेली आणि तिने राणीविरुद्ध पुस्तके छापण्याचा धंदा मांडला. जवाहिऱ्यांचे दिवाळे वाजले.

आता दुसरा भागाकार. फेब्रुवारी १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोन याने राज्यातील प्रतिष्ठितांची सभा बोलावून तुटीची कबुली दिली. १७८८ चे अंदाजपत्रक पुढे इतिहासकारांच्या हाती आले. खर्च ६२ कोटी ९० लाख लिव्र, उत्पन्न ५० कोटी ३० लाख, तूट १२ कोटी ६० लाख. खर्चापैकी ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, जुन्या कर्जाची फेड आणि व्याज यांत जात होते. सारा दरबार, म्हणजे राजा, राणी, भाऊ, घोडे, शिकारी कुत्रे, नोकरचाकर, वर्षासने, यांवर सुमारे साडेतीन कोटी, शंभरात सहा लिव्र. १७७६ ची कंकणे १७८८ च्या तुटीशी ताडून पाहिली तर ती तिचा पाचशेवा हिस्सा भरतात. राणीने आयुष्यभर सुती लुगडे नेसून काढले असते तरी तूट तूटच राहिली असती, कारण ती युद्धाच्या कर्जातून आणि सरदार व धर्मपीठ यांच्या करमाफीतून आली होती. कालोनने सर्वांच्या जमिनीवर समान कर बसविण्याची योजना त्या प्रतिष्ठितांपुढे ठेवली तेव्हा करमाफी भोगणाऱ्या त्या सभेने ती हाणून पाडली आणि मंत्र्याला घालवले. पण तुटीला चेहरा हवा होता. पॅरिसने राणीलाच तुटीचे नाव बहाल केले. बाईसाहेब तूट म्हणून तिला हिणवू लागले. एक कर्जबाजारी राष्ट्र एका स्त्रीच्या मनगटाकडे बोट दाखवीत राहिले आणि करमाफी उपभोगणारे त्या बोटामागे सुखाने उभे राहिले.

१७८८ चे पीक बुडाले. चार पौंडांची भाकरी एरवी आठ-नऊ सू ला मिळे, ती १७८९ च्या हिवाळ्यात साडेचौदा सू पर्यंत चढली. वीस सूंचा एक लिव्र, म्हणजे मजुराच्या कमाईचा बहुतेक भाग एका भाकरीत. भुकेल्यांना केक खाण्याचा सल्ला राणीने दिला, अशी कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. तिला आधार नाही. कोणा एका अनाम राजकन्येच्या नावावर ही गोष्ट रूसोने ज्या काळात लिहून ठेवली तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात बाहुल्या खेळत होती.

पुढचा घटनाक्रम सर्वश्रुत आहे. मे १७८९ मध्ये राष्ट्राची सभा भरली; ४ जूनला राणीचा थोरला मुलगा वारला आणि त्याच्या दुखवट्याकडे लक्ष द्यायला कोणाला उसंत नव्हती. जुलैत बास्तीय पडली. ऑक्टोबरमध्ये भाकरीसाठी पॅरिसच्या बाया व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजकुटुंबाला पॅरिसच्या त्विलरी प्रासादात घेऊन आल्या. येथे कंकणे पुन्हा दिसतात. जानेवारी १७९१ मध्ये, पळून जाण्याचा बेत मनात धरून, राणीने आपले हिरे, मोती, माणके कापसात गुंडाळली आणि एका लाकडी पेटीत भरली. तिची दासी मादाम कांपां हिने ती संध्याकाळ आपल्या आठवणींत नोंदवली आहे. पेटी ब्रसेल्सला, तिच्या आईचा जुना वकील मर्सी याच्याकडे, आणि तेथून व्हिएन्नाला गेली. दागिने सुखरूप पोहोचले. जूनमध्ये निघालेली मालकीण व्हारेन या गावी पकडली गेली.

तिच्या शेवटच्या वर्षांचे मूल्यमापन करताना भावनेला आवर घालावा लागतो. मार्च १७९२ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, फ्रान्सच्या सैन्याची योजना तिने ऑस्ट्रियाला कळवली. तिच्या दृष्टीने ती माहेरी हाक होती. ज्या राष्ट्राची ती राणी म्हणवत होती त्याच्या दृष्टीने हा द्रोह होता, आणि त्याला दुसरे नाव देता येत नाही. नवल हे की अभियोगात हा आरोप होता, पण सिद्ध करण्यास लागणारे कागद फिर्यादीजवळ नव्हते; ते पुढच्या पिढ्यांना मिळाले. म्हणून खजिना उधळल्याचे, हाराचे, आणि लहान मुलाबाबतचे उच्चारू नये असे आरोप पुढे करण्यात आले. झान द ला मोतशी भेट कोठे झाली, असेही तिला विचारले गेले. तिने त्या बाईला कधी पाहिलेच नव्हते.

ऑगस्ट १७९२ मध्ये राजसत्ता कोसळली. सप्टेंबरमध्ये चोरांनी राष्ट्राच्या जवाहिरखान्यात अनेक रात्री घुसून राजमुकुटाचे हिरे पळविले. ही इमारत त्याच, दारूकाम झालेल्या चौकावर उभी आहे. २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद तेथेच झाला. चौकाला आता क्रांतीचे नाव मिळाले होते. ऑगस्टमध्ये विधवा राणीला मुलांपासून तोडून कॉन्सिएर्जरीच्या तुरुंगात नेले. बरोबर एक लहानसे घड्याळ होते. तेही काही दिवसांत काढून घेण्यात आले. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी साधी पांढरी वस्त्रे घालून, केस कापलेल्या स्थितीत, मागे हात बांधून तिला उघड्या गाडीतून त्या चौकात आणले. वय सदतीस. केस पांढरे झाले होते.

व्हिएन्नात १७९४ च्या आरंभी पेटी उघडून यादी करण्यात आली. तीत कंकणांच्या जोडीचीही नोंद आहे. कुटुंबातील एकच जीव वाचला होता, थोरली मुलगी मारी-तेरेज. धाकटा भाऊ जून १७९५ मध्ये कैदेतच मेला. डिसेंबरात, सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास, फ्रेंच कैद्यांच्या बदल्यात तिला सोडण्यात आले आणि १७९६ च्या जानेवारीत व्हिएन्नाला पोहोचल्यावर आईची पेटी तिच्या हाती आली. तिला मूल झाले नाही. १८५१ मध्ये ती वारली तेव्हा दागिने पुतण्या-पुतणीकडे आणि पुढे बूर्बाँ-पार्मा घराण्याकडे गेले. त्याच पेटीतले एक मोत्याचे लोलक नोव्हेंबर २०१८ मध्ये जिनिव्हात सोदबीजने विकले. अंदाज दहा ते वीस लाख डॉलरचा होता; बोली गेली सुमारे ३ कोटी ६० लाखांवर.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच शहरात सुमारे ५०० हिऱ्यांचा, ३०० कॅरटचा, अठराव्या शतकातला एक कंठा लिलावास निघाला. बोमेरच्या फोडलेल्या हारातले काही हिरे त्यात असावेत अशी वदंता होती. पुरावा कोणी दिला नाही. अंदाज मागे टाकून तो सुमारे ४२ लाख ६० हजार फ्रँकला गेला.